बाजेएवढी वाट

काहीही विचारा, शेजारची म्हातारी आधी कमरेची तंबाखूची पिशवी सोडायची. चिमूट तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं मळत बसायची, आणि तुम्ही उत्तराची वाट पाहून थकलात की म्हणायची, "थांब बाई. अजून शिजून राह्यलं."

आज भाजी काय केली विचारलं तरी हेच, आणि निवडणुकीत कोणाला देणार विचारलं तरी हेच.

मी अंगणवाडीत लागले तेव्हा एटापल्लीच्या पलीकडच्या त्या गावात गेले, आणि नोकरी संपली तरी तिथंच राहिले. आम्ही चामोर्शीकडचे बौद्ध, ती माडिया. दोघींच्या मध्ये एक कुडाचं कुंपण आणि एक कोंबडा. तो तिचा होता, पण दाणे माझे खायचा.

माझ्यासारखे तुम्हीही माणसं पाहत बसत असाल, तर एक सांगा. म्हातारी माणसं जुन्याला धरून असतात आणि तरण्यांना नवं पाहिजे असतं, असं आपण धरूनच चालतो ना? माझ्या घरी तर उलटं होतं. माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले आणि मरेपर्यंत पुढच्या मोर्चाची वाट पाहिली. त्याचे नातू मात्र नोकरीला लागले आणि म्हणतात, "आत्या, चालून राह्यलं ते चालू दे ना." तिच्या घरी तिसरंच. नातू गडचिरोलीला शिकून आला, जीन्स घालतो, दिवसभर मोबाईलवर बोलतो, आणि खाणीसाठी डोंगरातला एक दगड हलवू देणार नाही म्हणणाऱ्यांत पहिला. अन् लुंगीतले कितीतरी म्हातारे म्हणत, येऊ द्या खाण, पोरांना ड्रायव्हरकी मिळेल. आता यात वय कुठं बसवायचं?

एकदा चंद्रपूरहून कॉलेजची मुलगी हेच बसवायला आली होती. वय किती, जमात कोणती, पक्ष कोणता बरा वाटतो, राग लवकर येतो का, नवीन गोष्टी आवडतात का. म्हातारी म्हणाली, "तुले चटई टाकून देल्ली ना? तूबी नवीच आहेस." पक्षाचं विचारल्यावर तंबाखू निघाली. ती मुलगी माझ्याकडं पाहू लागली. मी म्हटलं, 'सांगता येत नाही' असं लिही बापा.

"सांगता येते," म्हातारी म्हणाली. "तिले आज नाई सांगत."

मग रस्त्याचं आलं. खाणीचे ट्रक गावाच्या शिवेवरून न्यायचे होते. शिवेवर आहेत दगड. माणूस गेलं की तिथं त्याच्या नावाचा दगड उभा करतात. तिच्या नवऱ्याचाही तिथंच होता. खाणीची माणसं येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली, त्या नेमक्या दगडांवरून.

गावाचे दोन भाग झाले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक दोन ठिकाणी बसू लागले. गंमत म्हणजे दोन्हीकडचे म्हातारीला आपली समजत. पोरं म्हणत, आजीच्या नवऱ्याचा दगड आहे, ती कशाला हो म्हणते? रस्तावाले म्हणत, तिची सून रस्ता नव्हता म्हणून गेली, ती नाही कशी म्हणेल? तेही खरंच होतं. भर पावसात, बाळंतपण अडलं म्हणून सुनेला बाजेवर घालून नाल्यापर्यंत नेलं होतं. नाला उतरेना. सून काठावरच गेली. नातू तेव्हा रांगत होता.

ग्रामसभा भरली. त्या गावात हात वर करत नाहीत. सगळे बोलतात, शेवटी सर्वांत मोठं माणूस, म्हणजे आता म्हातारी, बोलतं, आणि तोवर कोणी उठत नाही. तालुक्याचे साहेब खुर्चीवर, मोहाच्या झाडाखाली पोलीस. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, कोणाचा विरोध आहे का? सगळे गप्प. म्हातारीची तंबाखू मळणं चालू. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बाजूच्या बाबूला सांगितलं, "विरोध नाही. मंजूर लिहा."

नातू उठला. समोरून रस्तावाल्यांतले दोघं उठले. पोलीस झाडाखालून पुढं आले. त्या भागात सभेतून उचललेला पोरगा घरी कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही.

म्हातारीनं हातातली चिमूट फेकून दिली. तंबाखू फेकताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"बस," ती नातवाला म्हणाली. तो बसला नाही. "तुह्या मायची बाज मी उचलली होती. बस."

तो बसला. मग ती साहेबांकडे वळली.

"साहेब, आमी गप्प म्हंजे हो नाई. गप्प म्हंजे अजून नाई. तेवढं लिवा. अन् मले रस्ता पायजे. दवाखान्याच्या गाडीले पायजे. दगडाच्या ट्रकाले नाई."

साहेब हसले. म्हणाले, आजी, गाडी जाईल तिथून ट्रकही जाईल, रस्ता काय माणूस ओळखतो? तिनं पुन्हा कमरेची पिशवी सोडली. निर्णय न होताच सभा उठली.

त्यानंतर दोन्हीकडचे तिच्यावर रुसले. रस्तावाले म्हणत, पोरांना फितली. आणि नातवाला वाटलं, आजीनं चारचौघांत रस्ता मागून आपल्याला मान खाली घालायला लावली. तिच्या हातचं जेवायचा, पण पाठ करून. मी कुंपणावरून विचारलं, बाई, तू नेमकी कोणाकडची? तर म्हणे, "दोघायलेबी समजलं नाई, म्हणून दोघंबी थांबून राह्यले. थांबू दे."

पावसाळ्यात ती झोपेतच गेली. नाला भरलेला होता, पण तिला कुठं न्यायची वेळच आली नाही. नातू रडला नाही. आजीशी बोलायचं राहूनच गेलं होतं त्याचं.

दगड उभा करायच्या दिवशी तो माझ्या दारात आला. म्हणाला, "बाई, तुमची बाज द्या ना जरा." कशाला, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यानं बाज आणून ठेवली. बाजेच्या पायांना चिखल होता.

दुसऱ्या दिवशी मी शिवेवर गेले. नवऱ्याच्या दगडाला लागून बायकोचा दगड, अशी तिथली रीत. हिचा मात्र थोड्या अंतरावर उभा होता, चुन्याच्या रेघेच्या पलीकडे. दोन दगडांमधून दवाखान्याची जीप अंग चोरून निघाली असती. ट्रक निघाला नसता.

सभा अजून व्हायची आहे. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत, ओल्या मातीत, आडव्या ठेवलेल्या बाजेच्या पायांचे खड्डे होते, आणि त्यांत पाणी साचलं होतं.