फक्त आत्ताचा माणूस

बोलता बोलता ते मध्येच डोळे मिटायचे, नाकासमोर एक बोट धरायचे, लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अभी! बस, अभी!" आपण भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात ताटकळत उभे. श्वास सोडून झाल्यावरच बाजूला व्हायचे.

हे काका दाना ओली नावाच्या गल्लीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यावर कुठल्याशा शिबिराला गेले आणि तिथून ज्ञान घेऊन आले. ज्ञान एवढंच, की काल संपला, उद्या आलेला नाही, माणसानं आत्तामध्ये राहावं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नसला तर आमचा न्यायला हवा होता तुम्ही.

परतल्या दिवशीच त्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणि कॅलेंडर काढून टाकलं. काकूंनी कॅलेंडर गुपचूप स्वयंपाकघराच्या दाराआड लावलं. एकादशी, गॅसचा नंबर, दूधवाल्याचे खाडे कुणीतरी बघायला हवंच होतं. काका सकाळी अंगणात बसून "आहाहा, ही भाकरी! ही आत्ताची भाकरी!" म्हणत. त्या भाकरीचं पीठ काकूंनी आदल्या दिवशी दाल बाजारातून आणलेलं असे. त्यांच्या आत्ताची सगळी तयारी काकू काल करून ठेवत.

ते सुखी होते, हे मात्र मान्य करायला हवं. शांत झोप, छान भूक, रक्तदाब तरुण मुलासारखा. इतरांच्या जिवावर असलं आरोग्य फार चांगलं राहतं.

माझे वडील गेले तेव्हा काका तेराव्याला आले. आईसमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, गेले ते गेले. मागचं सोडायचं. आत्ता बघा, ऊन किती सुंदर पडलंय."

आई म्हणाली, "ऊन त्यांनाही आवडायचं, भावजी."

त्यांनी मान हलवली, आईला अजून पुष्कळ शिकायचंय अशी. आणि ताटातली जिलबी खाल्ली, अगदी मन लावून.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी थेंब दिले, जन्मभर घालायला सांगितले, आणि डोळ्यातला दाब अधूनमधून तपासून घ्या म्हणाले. पहिली बाटली संपली. काकूंनी दुसरी आणायला सांगितली, तर काका हसले.

"आत्ता दिसतंय ना तुला?"

"दिसतंय."

"मग? पुढचा विचार करून आजचं कशाला नासवायचं?"

आईनं काकूंना कितीदा सांगितलं, चला, मी येते दवाखान्यात. काकू म्हणायच्या, "अहो, ते म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही. दुखत तर काहीच नाहीये." दुखत नाही, हीच त्या आजाराची लबाडी.

गणपतीत काकूंची धाकटी बहीण इंदूरहून आली. काकू तिला चहा ओतायला गेल्या आणि सगळा चहा कपाशेजारी टेबलावर सांडला. बहिणीनं त्यांच्या हातातली किटली घेऊन खाली ठेवली, काकूंचा हात धरला आणि मेव्हण्यांना एक शब्दही न बोलता त्यांना इंदूरला घेऊन गेली. एक डोळा तोवर गेला होता. दुसऱ्यात थोडा उजेड उरला होता.

काका घरात एकटे राहिले. चार-सहा दिवस बाहेर बसले, मग दिसेनासे झाले. आम्ही डबा पाठवायचो. तो तसाच परत यायचा.

एका दुपारी वर आले. दाढी वाढलेली. आई मेथी निवडत होती.

"वहिनी, इंदूरला चाललोय. बाड्यावरच्या बाजारातून हिला साडी घ्यावी म्हणतो. हिला रंग कुठला आवडतो?"

"अख्खा संसार झाला तुमचा, आणि मला विचारता?"

"आठवत नाहीये."

"जांभळा," आई म्हणाली. मेथीवरची नजर तिनं उचलली नाही. "पण आता तिला जांभळा काय नि काळा काय, भावजी."

ते तिथेच, उंबऱ्यावर, बसले. मला कीव यायला हवी होती, आली नाही. आईला आली. तिनं पाणी आणून दिलं. मग ते विचारू लागले, ती गात होती का कधी? तुमच्याकडे कशाबद्दल बोलायची? आई सांगत गेली. त्या लग्नाआधी रेडिओवर गायल्या होत्या, त्यांना शिंगाडे आवडायचे, थंडीत पाय दुखायचे. ते मान खाली घालून ऐकत होते. एखाद्या परक्या बाईची चौकशी करावी तसे.

काकू परत आल्या नाहीत. काका आले, तेही सामान हलवायला. इंदूरला मेव्हणीच्या घराजवळ खोली घेतली होती. घरात पाऊल ठेवू देत नव्हती ती, पण दुपारी ओट्यावर बसू द्यायची.

टेम्पोत गाद्या चढत होत्या. आई खाली गेली. "साडी दिलीत?"

"दिली."

"काय म्हणाली?"

"बराच वेळ हातानं चाचपत होती," ते म्हणाले. "मग म्हणाली, काठ छान आहे."