गॉडफ्रेच्या घराची ओळ

वाडीच्या नाक्यावर जुना दगडी क्रूस आहे. मे महिनाभर तिथे संध्याकाळची प्रार्थना होते आणि शेवटच्या दिवशी स्तोत्र. देवाने समुद्र दुभंगवला, रानात लेकरांना जेवू घातलं, असं एकेक आठवायचं आणि प्रत्येक ओळीवर गावाने म्हणायचं, "त्याची माया आटत नाही." बायबलातले शब्द निराळे, पण विहिरींवर जगलेल्या गावाला हेच रुचले. जुन्या ओळी सरल्या की घराघराच्या ओळी. यंदा देवाने काय दिलं, ते एका वाक्यात सांगायचं.

ओळी पुकारायचा गॉडफ्रे. केळी आणि पानवेली पिकवणारा माणूस. आवाज भारदस्त, स्वभाव तिरसट. कुणी लांबण लावली की तो तोडायचा, "देवाला सांगतोस की पाहुण्यांना?" त्याच्या घराची ओळ मात्र बायको सांगायची, आणि सुझानच्या जिभेला हाड नव्हतं. एका वर्षी म्हणाली, "यंदा नवरा दोनदाच भांडला." दुसऱ्या वर्षी, "पापड वाळेपर्यंत पावसाने दम धरला." गाव हसत हसत उत्तर द्यायचं आणि गॉडफ्रे घाईघाईने पुढचं घर पुकारायचा.

नाताळाच्या तोंडावर सुझान गेली. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून त्याला घर खायला उठायचं. चर्चमध्ये मिस्साला जायचा, पण स्तोत्र आलं की ओठ मिटून घ्यायचा. देवावर तो चक्क रुसला होता. आता क्रुसापुढे खोटे आभार मानायचे, की सगळ्यांदेखत गप्प राहायचं? शेवटी त्याने ठरवलं, आपलं घर पुकारायचंच नाही. पुकारणाराच आपण, मग विचारणार कोण!

शेवटची संध्याकाळ आली. कॅथरिन म्हणाली, "मुलीची नोकरी टिकली." ऑस्कर म्हणाला, "विहिरीत खारं पाणी शिरलं नाही." गाव उत्तर देत गेलं. मागे नेहमीसारखी शेजारची जयवंती उभी होती. तिच्या घरी गणपती बसतो, पण क्रुसाला सोनचाफ्याचा हार दरवर्षी तिचाच. हार घालून ती हात जोडून उभी राहायची. त्यांच्या प्रार्थनेत आपण कशाला तोंड घाला, म्हणून मुकाट.

"झालं. आमेन करू या," गॉडफ्रे म्हणाला.

"भाऊ, तुमचं घर राहिलं," जयवंती म्हणाली.

"राहू दे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"असं कसं? एवढी वर्षं होती ना ती?"

गॉडफ्रे तिच्यावर डाफरणारच होता. पण तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"सुझान आमच्या घरात होती," तो म्हणाला. भारदस्त आवाज पार चिरकला.

बायकांनी पदर तोंडाला लावले होते, ऑस्कर चष्मा पुसत होता. मग मागून जयवंतीच म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा, "त्याची माया आटत नाही." तिच्यामागून सगळं गाव म्हणालं.

पुकारणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं, असा तिथला रिवाज. सगळे थांबल्यावर गॉडफ्रेने ते एकट्याने म्हटलं.