माझे विरोधी उमेदवार, लोटनभाऊ

लोटनभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याला मुलीकडे होतो. त्यांच्या मुलाचा, सुनीलचा फोन आला. "नाना, आबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत." मी काय बोललो ते आता आठवत नाही. पण त्यानंतर अंधार पडेपर्यंत माझाच फोन वाजत राहिला. पारोळ्याहून, भुसावळहून, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून माणसं विचारत होती, "नाना, कसं झालं? तुम्ही बरे आहात ना?" जावई चक्रावले. म्हणाले, "तुम्ही तर त्यांच्याविरुद्ध निवडणुका लढवायचात ना?" लढवायचो. उमेदीची सगळी वर्षं लढलो. म्हणूनच लोकांना वाटलं असावं की सांत्वन करायचं ते माझं. आता महिना उलटून गेल्यावर लिहायला बसलो आहे, तर डोळे भरून येण्याच्या आधी हसूच येतंय... आणि भाऊंना तेच आवडलं असतं.

भाऊंचं गाव पायथ्याशी. जमीन कोरडवाहू, पाऊस आला तर कापूस. वरणगावच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला न टाकला तोच ते सगळं सोडून एका छोट्या पक्षाचं काम करायला गावी परतले. "आमच्या पक्षाचा जिल्हा मेळावा एका टेम्पोत मावतो," असं ते स्वतःच सभेत सांगून लोकांना हसवायचे. मी मोठ्या पक्षाचा. घरी केळीच्या बागा, दारात गाड्या, सभेला बँड.

आमची पहिली भेट पहिल्याच निवडणुकीत झाली. सभेला निघालो असताना पाड्यांच्या रस्त्यावर माझ्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. कार्यकर्ते इकडेतिकडे बघताहेत, तोच मागून भोंगा वाजवत भाऊंची जीप आली. भोंग्यावर मला पाडण्याचं आवाहन चालू होतं. भाऊंनी आधी ते बंद केलं आणि डोकं बाहेर काढून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "काय नाना, गाडी बिघडनी का? ये, मनी गाडीमा जागा शे." मी गेलो. दुसरा उपायच नव्हता. गावात पोचल्यावर ते थोडकं बोलले आणि शेवटी लोकांना म्हणाले, "हाऊ मना विरोधी उमेदवार. भला माणूस शे. त्यानं बी ऐकी ल्या." मी कित्येक सभा केल्या, पण माझी अशी ओळख माझ्या पक्षातल्या कोणी कधी करून दिली नाही.

त्यांच्या पक्षाची निशाणी होती खाट. आमच्याकडे पाहुणा आला की अंगणात आधी खाट टाकतात. म्हणजे मी ज्या घरी मत मागायला जाई, तिथे मला बसायला विरोधकाची निशाणीच पुढे येई. कार्यकर्ते कानात सांगायचे, बसू नका, चुकीचा संदेश जातो. मी चहासुद्धा उभ्यानेच प्यायचो. गुडघे बोलायला लागले. एका गावात समोरून भाऊ आले, माझी दशा बघून त्यांनी घरमालकाची खाट स्वतः माझ्यापुढे ओढली. "बस ना रे नाना. बसाथीन मत जात नही." मी बसलो. त्या निवडणुकीत निवडूनही मीच आलो.

निकालाच्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला, भरीत खायला ये. त्यांनीच नियम काढला होता, हरणाऱ्याने खाऊ घालायचं. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि हरलेला माणूस गुलालाने माखलेल्या माझ्या पोरांना आग्रह करून वाढत होता. पुढच्या वेळी ते पुन्हा हरले, तेव्हा पंगत दुप्पट झाली. त्यांची बायको, आमची कमलअक्का, त्यांच्या जिंकण्याचीच धास्ती घेतल्यासारखी मला म्हणाली, "तुमना भाऊ निवडी उनात ते गाव उपाशी ऱ्हाई."

आणि एकदा ते निवडून आले. मला पाडून. मी घरात तोंड लपवून बसलो होतो. मिरवणूक माझ्या दारात थांबली, भाऊ एकटे आत आले, कपाळभर गुलाल. म्हणाले, "नाना, वांगा आनात का?" त्या दिवशी मी पहिल्यांदा भरीत केलं. निम्मी वांगी जळाली. भाऊंनी जळकं भरीत चवीने खाल्लं आणि सगळ्यांदेखत माझी बाजू घेतली, "त्यानी पहिलीच येळ शे. व्हई जाई सवय." माझी बायकोसुद्धा त्यावर तोंडाला पदर लावून हसली.

विधानसभेत ते त्यांच्या पक्षाचे एकटेच. पण सरकार काठावर आलं आणि त्या एका माणसाला भाव आला. आमच्या वरिष्ठांनी मला सांगितलं, तुमची मैत्री आहे, त्यांना पक्षात आणा, राज्यमंत्री करू. भाऊ आले तर पुढचं तिकीट त्यांना मिळणार आणि मी कायमचा घरी बसणार, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. तरी गेलो. जळगावच्या विश्रामगृहात समोरासमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आनि मी तुना पक्षमा उनू, ते तू कोनासंगे लढशी?" मी म्हणालो, "माझं सोड भाऊ. मंत्री होशील. लाल दिव्याची गाडी येईल दारात."

ते उठून खिडकीपाशी गेले. त्यांना मोह झाला नसेल असं मी म्हणणार नाही. एवढी वर्षं हरण्यात काढलेल्या माणसाला तो व्हायचाच... मग हलकेच हसून म्हणाले, "नोकरी सोडी तवय अक्कानी एकच सांगं, आते पुन्हा कोनी नोकरी करानी नही. मंत्रीपद बी नोकरीच शे, नाना." खरं सांगतो, जिवात जीव आला. ते पुढे म्हणाले, "त्यासले सांग, पाठिंबा बाहेरथून देसू. फक्त आमना नालावर पूल द्या." त्या नाल्यापलीकडचे पाडे पावसाळ्यात तुटायचे. अडलेल्या बाईला झोळीत घालून पाणी उतरण्याची वाट बघत काठावर बसावं लागायचं. मी निरोप पोचवला. वरिष्ठ हसले, एवढंच मागतोय म्हणाले, आणि पूल मंजूर झाला.

पूल बांधून झाला तेव्हा आमदार पुन्हा मी होतो. कोनशिलेवर नाव माझं. मी भाऊंना बोलावलं आणि फीत त्यांच्या हातून कापून घेतली. पाड्यावरच्या बायका ढोल वाजला तशा नाचायला लागल्या, कमलअक्काही त्यांच्यात शिरली. भाऊ माझा हात धरून पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले, तिथे पाय आपटून बघितला आणि मला म्हणाले, "मजबूत शे. हाऊ तुना ठेकेदार दिखत नही." इतकं हसलो, की खाली उभ्या कलेक्टरसाहेबांनी वर बघितलं.

नंतर वयाने आम्हा दोघांनाही निवडणुकांतून बाहेर काढलं. भाऊंनी मात्र तालुक्याच्या बाजारपेठेत कापड दुकानामागे घेतलेली पक्षाची खोली सोडली नाही. बाजाराच्या दिवशी तिथे बसायचे, येईल त्याचं ऐकायचे, तहसीलला स्वतः सोबत जायचे. परवा सुनील म्हणाला, नाना, खोली मालकाला परत द्यायची आहे, आवरायला येता का. गेलो. बाजाराचाच दिवस होता. आम्ही झेंडे गुंडाळत असताना डिंकाची टोपली घेऊन पाड्यावरची एक म्हातारी दारात आली. आत डोकावून म्हणाली, "भाऊ कोठे शेतस?"

सुनीलने सांगितलं. तिला कळलेलं नव्हतं. ती उंबऱ्यावर टेकली, पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही त्यासनाच पक्षना का?"

सुनील माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हातातला झेंडा भाऊंच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि खुर्चीवर बसलो.

"हो, माय," म्हणालो. "आत ये. काय काम शे, सांग."