साडूंची सायकल आणि माझी स्वच्छता

उणे वीस अंशांच्या थंडीत मी माझ्या साडूंची सायकल गरम पाण्यानं धुतली. साबण लावून, घासून, अगदी आरा न् आरा पुसून. मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट तिला हात लावू नका, असंच सांगितलं होतं, पण त्या वेळी मी धपाटे खात होतो.

ज्याच्याकडे बघून खुद्द थंडीलाच हुडहुडी भरावी असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो आमच्या लातूरचा आहे. तो माझा साडू आहे, हे मी ओळख नसलेल्या माणसांनाही सांगत असतो. फिनलंडच्या पार वरच्या अंगाला एका गावात तो इंजिनियर आहे. ऑफिस गावाबाहेर, म्हणजे लातूरहून हरंगुळ असेल तेवढं, सात-आठ किलोमीटर लांब. तिथं तो बारा महिने सायकलवर जातो. बारा महिन्यांतले सहा तिथं बर्फाचे. आमच्याकडे डिसेंबरात जरा गार वारं सुटलं की मी कानटोपीवर मफलर, मफलरवर शाल अशा थाटात दूध आणायला निघतो, तेव्हा याचा फोन येतो, "साडूभाऊ, आज उणे अठरा. लई मस्त हवा पडलीय!"

या माणसाचं थंडीचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. घरातून निघताना थंडी वाजलीच पाहिजे, असा त्याचा पहिला नियम. नाही वाजली, तर कपडे जास्त झाले, मग वाटेत घाम येणार आणि तो अंगावर गोठणार. त्यामुळे रोज सकाळी तो दारात उभा राहून स्वतःला नीट थंडी वाजते का ते तपासतो, आणि वाजली की खूश होऊन निघतो. ऑफिसला पोचेपर्यंत त्याच्या मिशीचा खराटा झालेला असतो. तो दाराशी उभा राहून कंगव्यानं मिशीतला बर्फ झाडतो आणि मग आत जाऊन साहेबाला नमस्कार करतो. साहेबालाही आता नमस्काराची सवय झाली आहे. सायकल मात्र कायम बाहेर. घरात आणली की तिला दरदरून घाम फुटतो आणि बाहेर नेली की तो घाम आतल्या आत गोठतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं तेव्हा मी मान हलवली होती. मान धपाट्यांसाठी हलत होती. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग बघून याला आजही चैन पडत नाही. "एवढं सगळं पाणी, साडूभाऊ! आन हे लोक त्याच्यावर मीठ टाकायलेत!" असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर कातर होतो.

बर्फावर तो पडत कसा नाही, हे तिथल्या लोकांना कोडं आहे. मला नाही. लातूर नवीन नवीन जिल्हा झाला, त्या सुमारास पाऊस रुसला होता आणि साडू शाळेत होता. गावभर कमानी, पताका, साहेबांच्या जीपगाड्या. नव्या कचेऱ्यांसाठी खणलेले रस्ते. जिल्हा मिळाला होता, पाणी तेवढं मिळायचं राहिलं होतं. हा पोरगा सायकलच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी भरलेल्या घागरी टांगून शिवारातल्या विहिरीवरून त्या खड्ड्यांतून घरी यायचा. ब्रेक दाबायचा नाही, झटका द्यायचा नाही, हँडल वळवायचं नाही, सगळं अंग वळवायचं. एक घोट सांडला तरी आई परत पाठवायची. त्याच सुमारास मीही तो प्रयोग केला होता. मी घरी पोचलो तेव्हा घागरी हलक्या आणि विजार ओली होती. बर्फावरही नियम तेच, असं साडू म्हणतो. फक्त पाणी कॅरिअरवरून चाकाखाली आलंय.

पण माझ्या मेव्हणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे सगळं नको होतं. तिला मोटार हवी होती आणि नवऱ्याची हाडं शाबूत हवी होती. भांडून भांडून दोघांचा करार ठरला होता. हिवाळ्यात ज्या दिवशी तो सायकलवर ऑफिसला पोचणार नाही, त्या दिवशी सायकल विकायची आणि मोटार घ्यायची. बसनं गेला तरी हरला. इतक्या वर्षांत तो हरला नव्हता. मुखेडला राहणाऱ्या आमच्या सासूबाई लेकीच्या बाजूनं. मी फिनलंडला निघालो तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं, "जावईबापू, त्या सायकलीचं कायतरी करून या."

मी काही करणार नव्हतो, देवाशपथ. पण पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीचा तो हिवाळा होता. घरी नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची आणि तेच पाणी पुढं संडासाला. आणि इथं तोटी फिरवली की गरम पाण्याची धार! माझं डोकंच फिरलं. पहिल्या दिवशी मी तीनदा आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी धुतलेली भांडी परत धुतली. रविवारी दुपारी दोघं बाजारात गेले, तेव्हा धुण्यासारखं काही उरलंय का म्हणून खिडकीतून पाहिलं, तर मीठ आणि खडीनं माखलेली ती बिचारी सायकल. बादल्या ओतताना निघणारी वाफ बघून मला भरून आलं होतं.

सोमवारी सकाळी साडू दारात थंडी वाजवून घेऊन खाली उतरला. मी मागोमाग, कौतुक ऐकायला. त्यानं पायंडल दाबलं. पायंडल गरगर फिरलं, चाक जागेवर. पायंडलाची ताकद मागच्या चाकाला देणारं फ्रीव्हील आतून गोठलं होतं, ते चाकाला पकडेना. ब्रेकही दगड झाले होते, दाबले जाईनात.

"साडूभाऊ, हिला काय केलं?"

"धुतली. गरम पाण्यानं."

त्यानं हातमोजा काढून चाक चाचपलं. मला वाटलं पुरेसं सांगितलं नाही, म्हणून म्हणालो, "साबण पण लावला."

मेव्हणी शाल घेऊन दारात आली. मी घाईघाईनं "आणखी एक बादली ओतू का?" म्हटलं, तेव्हा तिनं माझ्या हातातली बादली काढून घेतली. साडूनं घड्याळाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्या कमरेकडे.

"तुमचा नाडा द्या."

"काय?"

"पायजम्याचा नाडा, साडूभाऊ. लवकर!"

आत दोन गरम विजारी होत्या म्हणून लाज राहिली. त्यानं तो नाडा मागच्या दातेरी चक्रातून आणि आऱ्यांमधून असा गच्च विणला की पायंडल आणि चाक एकजीव झाले. आता पाय थांबवायची सोय नाही, ब्रेक नाही आणि एक झटका बसला की नाडा तुटणार. तो बसला आणि असा अलगद निघाला, जणू कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये. वळणावर त्यानं हँडल हलवलं नाही. सगळा माणूस कलला आणि तिथल्या हिवाळी सकाळच्या अंधारात दिसेनासा झाला. दोन्ही हातांनी पायजमा धरून मी बर्फात उभा होतो आणि माझी छाती फुगली होती.

शेजारी पुटपुटणं ऐकू आलं. "महादेवा, पोचू दे रे त्यांना."

"अगं, तुला तर मोटार हवी होती!"

"हवीच हाय, दाजी," मेव्हणी डोळे पुसत म्हणाली. "पण अशी न्हाई."

आम्ही फोन समोर ठेवून बसलो. चहा निवला. मी तिसऱ्यांदा हळहळल्यावर तिनं मला गप्प बसायला सांगितलं. शेवटी फोन वाजला. "पोचलो. मिशी झाडायलो," एवढंच बोलला. मी पायजमा सोडून टाळ्या वाजवल्या. ते मेव्हणीनं मोठ्या मनानं पाहिलं नाही.

परत आल्यावर आधी मुखेडला गेलो. सासूबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सूप केव्हाच थांबलं होतं. जावई बर्फातून कसा गेला, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग माझ्या मोबाईलमधला दोघांचा सायकलीशेजारचा फोटो डोळ्यांपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. लेकीला बघून त्यांना किती वर्षं झाली होती, ते मी विचारलं नाही.

"गार वारं तोंडावर लागत असंल न्हाई का हो त्यांच्या?" त्या म्हणाल्या.

"लागतं. पण त्यांना आवडतं."

त्यांनी पदरानं मोबाईलची काच पुसली आणि तो माझ्या हातात दिला.

"मग चालवू द्या त्यांना सायकल. पडत न्हाईत ते. तुम्ही तेवढं परत तिकडं जाऊ नका."