आईच्या कुत्र्याचं आजारपण

आई गेली आणि तिच्या कुत्र्याने अन्न सोडलं, तेव्हा आमच्या शीळफाट्याजवळच्या गावात त्याचं केवढं कौतुक झालं! बाराव्याला आलेले पाहुणे आईच्या फोटोला हार घालायचे आणि लगेच ओट्यावर येऊन कुत्र्यासमोर उभे राहायचे. तो तिच्या खुर्चीखाली पडून असायचा. आत्या डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मानसांना नाय कललं, मुक्या जनावराला कललं." भावाने त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला, तर खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली.

बाबांना या सगळ्याचा आधार झाला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कुत्र्याचंच सांगायचे. दुधाची वाटी तशीच कशी राहिली, हाक मारली तरी मान कशी वळवत नाही. त्यांना बोलायला तेवढाच विषय उरला होता, म्हणून मीही ऐकून घ्यायचे.

मधे मी डोंबिवलीला माझ्या घरी जाऊन आले. परतले तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या. हात फिरवला तर अंग तापलेलं. उठायला गेला तर मागचे पाय लटपटले, आणि उभ्याउभ्याच लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. माझं डोकंच फिरलं. दुःखाने कुणाला असा ताप येतो का?

बाबा म्हणाले, "जाव दे गो त्याला. तिच्या पाठी चाललाय तो."

"आई असती तर तिने जाऊ दिलं असतं का, बाबा?"

मी रिक्षा बोलावली. ती आली तेव्हा गोधडी घेऊन आधी बाबाच आत बसले.

कल्याणच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. मग कान उलटा केला आणि मला शिसारीच आली. आत गोचिडी दाटीवाटीने चिकटल्या होत्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. रक्त तपासून आल्यावर बाई म्हणाल्या, "गोचीड ताप आहे. त्या चावतात तेव्हा जंतू रक्तात जातात आणि रक्तच संपवतात. पण इतक्या झाल्या कशा? आधी कोण काढायचं?"

आई काढायची. दुपारची भांडी झाली की ओट्यावर त्याला आडवा पाडायची आणि एकेक गोचीड चिमटीत धरून मिठाच्या पाण्यात टाकायची. आम्ही नाकं मुरडायचो. बाबा तर म्हणायचे, बाईला दुसरा उद्योग नाही. शेवटी शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिची औषधं, तिचं पथ्यपाणी आम्ही नीट केलं. हे काम मात्र कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. उशीर झालाय, पण बघू, असं बाई म्हणाल्या. घरी आणल्यावर बाबांनी चष्मा लावला, खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान, गळा, बोटांमधल्या खाचा तपासायला लागले. या माणसाने त्याला आजवर साधं गोंजारलंही नव्हतं. गोचीड निसटायची, ते पुन्हा शोधायचे. कुत्र्याने एकदा त्यांचा अंगठा चाटला. मला वाटलं, वाचतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. परसात शेवग्याखाली त्याला पुरलं. माती लोटत होतो तेवढ्यात शेजारची म्हातारी आली. म्हणाली, "तुझ्या बायकोच्या पाठीच गेला रं. लय जीव होता त्याचा तिच्यावर."

"नाय," बाबा म्हणाले. "त्याला काय मरायचा नव्हता. आमीच बघत बसलो."

आणि फावडं तसंच हातात धरून ते रडायला लागले. मला त्यांची समजूत काढायची होती, पण ते म्हणाले ते खरंच होतं.