मुद्देमाल, एक नग, निळा

सव्वीस वर्षांच्या नोकरीत शालिकराम हवालदारानं एकही चोर स्वतः पकडला नव्हता, आणि याचा त्याला थोडा अभिमानच होता. चोर पकडायचा म्हणजे धावा, भिंतींवरून उड्या मारा, धोतरं-पायजमे फाटेस्तोवर झोंबाझोंबी करा. त्यापेक्षा चोरांनी पळवलेला माल सांभाळावा हे बरं. ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीचा तो राजा होता. सायकली, पाण्याचे पितळी गुंड, एका भावकीच्या भांडणातली कुऱ्हाड, सगळ्यांना त्याच्या हातची चिठ्ठी आणि नंबर असे. तो रामटेककडच्या धानवाल्या घरचा. पोत्यांवर नजर ठेवायची लहानपणची सवय सरकारच्या उपयोगी पडत होती. आता त्याच्या जमादारकीचा हुकूम निघायच्या बेतात होता. बायकोनं, म्हणजे रुखमाबाईनं, पेढ्यांचा खवा कोणाकडून घ्यायचा तेही ठरवून टाकलं होतं.

अशात, एकोणीसशे अडुसष्टच्या एप्रिलात, त्याच्या खोलीत एक पोहण्याचा पोशाख येऊन पडला.

पोशाख होता प्रेमिलाचा. ती मुलींच्या एका शाळेत कवायत शिकवायची, वय तेवीस. कन्हानला नदीकाठी वाढलेली, त्यामुळं चालायला आणि पोहायला बहुधा एकाच वर्षी शिकली असावी. विभागाच्या पोहण्याच्या स्पर्धेत तिचं नाव गेलं होतं म्हणून ती सकाळी फुटाळा तळ्यावर सराव करायची. पोशाख तिनं कामठीच्या छावणीजवळ जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला होता. कोण्या मडमेनं विलायतेला परत जाताना टाकून दिलेला, जाड लोकरीचा, अर्ध्या बाह्यांचा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येणारा. नागपूरच्या एप्रिलात लोकर घालणाऱ्या बाईवर दयेचा अर्ज करावा, तर तिच्यावर अश्लीलतेचा झाला.

अर्ज करणारे चंपतराव. हे नागरी सदाचार मंडळाचे अध्यक्ष, आणि फुटाळ्यावर रोज सकाळी येणाऱ्या पन्नासेक पुरुषांतले सर्वांत ज्येष्ठ. तळ्याच्या पायऱ्यांवर ते लंगोटावर उभे राहून तेल चोळत, बैठका मारत, सूर्याकडं तोंड करून श्वास घेत. त्यांच्या अंगावर जे कापड असे त्यात एका माणसाचा रुमालसुद्धा झाला नसता. तरी त्यांच्यामुळं कोणाच्या भावना दुखावल्याचं तळ्यातल्या म्हशींनीही कधी कळवलं नव्हतं. प्रेमिलाचे उघडे पाय गुडघ्याखाली दिसले मात्र, चंपतरावांच्या भावना अशा दुखावल्या की ते घाईघाईनं धोतर नेसून थेट ठाण्यात आले.

सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य करून लोकांना उपद्रव दिला तर कायद्यात त्याला कलम आहे. किती इंच कापड म्हणजे अश्लील, हे मात्र कायदा सांगत नाही. ते उपद्रव झालेल्या माणसावर सोडलेलं आहे, आणि चंपतरावांना उपद्रव फार लवकर होत असे. फौजदारानं पोरीला बोलावलं, कपडे बदलायला लावले आणि ओला पोशाख जप्त केला.

चंपतराव होतेच, आणि पंच म्हणून त्यांच्या मंडळातलेच दोघं हजर होते. शालिकरामनं टेप काढला, तर ते दोघंही दोन पावलं मागं सरले.

“मापून घ्या न जी,” शालिकराम म्हणाला. “पंचनाम्यात माप लागते.”

“बाईच्या आंगावरच्या कपड्याले टेप लावाचा?” चंपतराव कडाडले. “आमी इभ्रतदार मानसं आहो. लिहा, लय तोकडा आहे. झालं.”

झालं. पंचनाम्यात उतरलं: ‘कपडा, रंग निळा, एक नग, अत्यंत तोकडा.’ पंचांनी न बघता सह्या केल्या. तिकडं शाळेनं प्रेमिलाला निकाल लागेपर्यंत घरी बसवलं. दोषी ठरली तर नोकरी गेली, असं लेखी कळवायलाही हेडमास्तरीणबाई विसरल्या नाहीत.

पोशाख ओलाच होता. ओला माल सील केला की बुरशी धरतो, हे शालिकरामइतकं कोणाला ठाऊक? शिवाय पोरगी सुटलीच तर तिची वस्तू तिला धड मिळावी, असंही त्याला वाटलं. माणूस चांगला होता, आणि सगळा घोळ तिथंच झाला. त्यानं तो पोशाख पिशवीत घालून घरी नेला आणि रुखमाबाईला म्हणाला, “हे जरा वाळू घाल.” आणि ड्युटीवर निघून गेला.

रुखमाबाईनं वास घेतला. तळ्याचा वास, शेवाळाचा, त्यात म्हशींचा. असला घाणेरडा माल सरकारात जमा करायचा? चुलीवर गंजात शालिकरामच्या खाकी कपड्यांचं सोड्याचं पाणी उकळतच होतं. तिनं पोशाख त्यात टाकला, तासभर शिजवला, मग दगडावर घेऊन मोगरीनं मनसोक्त बडवला आणि उन्हात घातला.

संध्याकाळी शालिकरामनं दोरीवर पाहिलं. तिथं दोन वर्षांच्या लेकराचा वाटावा असा एक कडक, घट्ट, निळा तुकडा लटकत होता.

“हे काय करून ठेवलं वं?”

“धुतलं. आनखी काय?”

“अवं, केवढा होता न केवढा झाला! तुले कोनं सांगतलं उकळाले?”

“पाण्यात घालाचं कापड आहे,” रुखमाबाई ठसक्यात म्हणाली. “पाण्यानं काय होते त्याले?”

शालिकरामनं तो तुकडा ओढला, ताणला, दोन्ही टोकांना विटा बांधून लटकवला, त्यावर बसून पाहिलं. लोकर एक बोटभर हलली नाही. शेवटी त्यानं तो कागदात गुंडाळला, लाख वितळवली आणि सील ठोकलं. पंचनाम्यात ‘अत्यंत तोकडा’ लिहिलेलंच होतं. चंपतरावांचं खोटं रुखमाबाईच्या सोड्यानं खरं करून दाखवलं होतं. आपण तोंड बंद ठेवलं की सगळं जुळतं, जमादारकीही जुळते, हे शालिकरामच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

खटल्याच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्या तारखा नव्हत्या असे वकील आले होते, ज्यांना सनदच नव्हती असेही आले होते. सील फोडलं, निळा तुकडा टेबलावर आला, आणि सभ्य लोकांच्या त्या गर्दीतून एक समाधानाचा उसासा निघाला. मग तो हातोहात फिरला. पंचनाम्याच्या दिवशी ज्यांना टेप लावायची लाज वाटली होती, ते पंच आज दोन्ही हातांनी धरून तो उलटसुलट करून पाहत होते.

“साहेब, हा माझा नाही,” प्रेमिला म्हणाली. “माझा गुडघ्यापर्यंत होता.”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पुसला.

तिचे वकील मधुकरराव शालिकरामकडं वळले. “हवालदार, जप्त केलेला कपडा हाच का?”

“हाच जी.”

खोटं काहीच नव्हतं. कपडा तोच होता.

“जप्त केला तेव्हा असाच होता?”

शालिकरामनं प्रेमिलाकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिचा मुद्देमाल कोणाच्या हातात गेला आहे ते बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला बघवेना. सव्वीस वर्षांत त्यानं माल सांभाळला होता, ज्यांचा होता त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

“नाही जी,” तो म्हणाला. “बाई खरं बोलून राहिली. गुडघ्यापर्यंत होता, बाह्या होत्या. माह्या बायकोनं सोड्यात उकळला. चूक माही.”

यावर कोर्ट जे हसलं त्याला तोड नाही. पुराव्यात फेरफार झाला म्हणून प्रेमिला निर्दोष सुटली. मात्र न्यायाधीशांनी जाता जाता वडिलकीनं सांगितलं, की यापुढं तिनं पाण्यात भारतीय स्त्रीला शोभेल असा पोशाख करावा. शाळेनं तेवढंच उचललं: साडी नेसूनच पोहीन, असं लिहून दे आणि कामावर ये. तिनं लिहून दिलं. घरात आई होती, दोन लहान बहिणी होत्या, आणि कमावणारी ती एकटीच. शालिकरामचा जमादारकीचा हुकूम साहेबांच्या टेबलाच्या खणात गेला. मुद्देमालाची खोली काढून घेऊन त्याला फुटाळ्यावर बंदोबस्ताला उभं केलं.

पंधरा दिवसांनी प्रेमिला सरावाला आली. पांढरी सुती साडी, काष्टा मारून नेसलेली. अर्ध्या तळ्यापर्यंत गेली आणि साडी पायांत गुरफटली. धापा टाकत, गटांगळ्या खात ती कशीबशी परत आली आणि पायऱ्यांवर उभी राहिली. ओलं सूत अंगाला चिकटलं होतं, सगळीकडून. आता काही लपलेलं नव्हतं, आणि माप घ्यायची कोणाला गरज नव्हती. त्या सकाळी पन्नासाच्या जागी दोनशे पुरुष आंघोळीला आले होते आणि एकाचंही लक्ष आंघोळीत नव्हतं.

चंपतराव पुढच्या पायरीवर लंगोटावर उभे होते. “आता कशी आपली पोरगी दिसून राहिली!” ते डोळे न हलवता म्हणाले. “याले म्हनतात संस्कृती.”

प्रेमिलानं पदर पिळला. “शालिकरामभाऊ, आता कोनतं कलम लागते जी?”

“कोनतंच नाही, बाई,” शालिकराम म्हणाला. “आता सारं कायद्यात आहे.”

त्यानं गर्दीवर काठी उगारली. पण पाहणाऱ्यांवर कलम नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं; कोणी जागचं हललं नाही. काठी खाली घेऊन तो तिच्यापुढं गेला, गर्दीकडं तोंड करून पाय फाकवून उभा राहिला, आणि ती कोरडं लुगडं गुंडाळेपर्यंत तिथून हलला नाही.