कडूबाच्या टेम्पोचं राहिलेलं पासिंग

आमच्या बीबी गावात कडूबाएवढा सबुरीचा ड्रायव्हर झाला नाही. एकदा मिरच्या भरून जाताना रस्त्यात म्हैस बसलेली. ह्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही, उतरून तिची समजूत घालत बसला. मालकानं विचारलं, "उशीर काऊन केला बे?" तर म्हणे, "गाभण होती, भाऊ." त्याचे असे किस्से सांगत बसलो तर सांज व्हायची. ते राहू द्या, टेम्पोचं सांगतो. त्यात माझा हात आहे.

तीस वर्षं लोकांच्या गाड्या हाकून कडूबानं औंदा स्वतःचा टेम्पो घेतला. नुसता सांगाडा. मागचा हौदा चिखलीला बांधायला टाकला. तोवर टेम्पररी नंबर, म्हणजे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं आणि कागदावर मुदतीची तारीख. हौदा झाला की मुदतीच्या आत पासिंग करून पक्का नंबर घ्यायचा.

कडूबाच्या मनात एकच गोष्ट होती. दुसरबीडच्या भगवानरावांनी त्याला स्टेअरिंग धरायला शिकवलं होतं. ते आता अंथरुणाला खिळलेले. पहिल्या फेरीला उस्तादांना शेजारी बसवून त्यांच्या गावातून मिरवायचं. म्हाताराही दर दोन दिवसांनी फोन करायचा, "कडू, आला का रे तुहा रथ?"

हौद्याचं काम लांबत गेलं आणि संपलं ते नेमकं पितृपक्षात. कडूबा माझ्या ओट्यावर आला.

"आबा, उद्या आणू का?"

"पित्तरात नवी गाडी दारात आणतेत का बे?"

पित्तर सरले, घट बसले. तो पुन्हा आला. "आबा, कागदाची तारीख दसऱ्याच्या तीन दिवस आधी सरते. आत्ताच अर्ज देला तं मुदत वाढून भेटते म्हंते हौदावाला."

"तारीख काय दुधाची पिशवी हाये नासाले? तीस वर्षं थांबला, तीन दिवसानं काय होते? आण दसऱ्याले."

ओट्यावरचे सगळे हसले. तोही हसला. मला फार बरं वाटलं होतं. अर्ज मात्र राहिला.

दसऱ्याला कडूबा चिखलीहून निघाला. तपासणीवाल्या साहेबानं झेंडूचा हार बाजूला सारून पाटी पाहिली, कागद पाहिला. माणूस भला होता, पण मुदत सरलेली गाडी सोडणार कशी? टेम्पो आरटीओच्या आवारात उभा राहिला आणि कडूबा एस.टी.नं परतला. तिकडं भगवानराव धुतलेला सदरा घालून सकाळपासून उशीला टेकून बसले होते. दुपारी सुनेनं त्यांना आडवं केलं.

दंड झाला, पासिंगचा नंबर लागला, हेलपाटे झाले. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भगवानराव गेले. पक्का नंबर मिळाला, तेव्हा तेरवीला दोन दिवस उरले होते.

टेम्पोची पहिली फेरी तेरवीच्या पातेल्यांची झाली. कडूबानं डावीकडचं दार उघडलं.

"बसा, आबा." रागानं नाही, रोजच्यासारखंच.

"तिथं नको, बाप्पा," म्हणून मी मागं हौद्यात पातेल्यांपाशी बसलो.

दुसरबीडात शिरल्यावर त्यानं गाडी सरळ घराकडं नेली नाही. वेशीपासून बाजारापर्यंत, बाजारातून मारुतीच्या पारापर्यंत चालत्या माणसाच्या चालीनं फिरवली. पुढची सीट रिकामी. तिकडं आचारी पातेल्यांची वाट पाहत होते. उशीर होतोय, हे मागून ओरडून सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.